मुळी कुणाला द्यायची?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मन’ हा विषय दिला, तेव्हा मी लामत्याला जायचं ठरवलं. मनाच्या आजारांबद्दलचं बहुतेक लेखन शहरातल्या दवाखान्यात बसून होतं. मला औषधाच्या दुसऱ्या टोकापासून, म्हणजे जिथे ते मातीतून उपटलं जातं तिथून सुरुवात करायची होती.

लामता बालाघाट जिल्ह्यात आहे. गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूर-जबलपूरकडे जाणारी रेल्वे या गावावरून जाते. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथून सातपुड्यातली छोटी गाडी धावायची, आता रुंद रूळ आले आहेत. कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणारं जंगल याच पट्ट्यात आहे. मध्य प्रदेश वनविकास निगमाच्या एका प्रकल्पाला लामत्याचंच नाव आहे. जंगलाच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची बांधी पसरलेली. 1867 साली भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा झाला. 1956 मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक मात्र अजूनही गोंदिया-भंडाऱ्याशी होते. बाजारात हिंदी, पोवारी, मराठी आणि गोंडी एकाच दुकानासमोर ऐकू येतात, आणि उपचारासाठी मोठ्या गावाला जायचं झालं तर कित्येकांच्या तोंडी पहिलं नाव नागपूरचं असतं.

बाजारातली लाल बी

आठवडी बाजारात जडीबुटीवाली एक बाई जमिनीवर प्लास्टिक अंथरून बसली होती. हिरडा, बेहडा, नागरमोथा, शतावरीच्या मुळ्या, गुळवेलीचे तुकडे आणि एका डब्यात मालकांगणी. मालकांगणी ही मोठ्या झाडांवर चढणारी दणकट वेल. हिची पिवळी फळं पिकली की तीन पाकळ्यांत उकलतात आणि आतून शेंदरी गराने वेढलेल्या बिया दिसतात. वाळल्यावर हा रंग विटकरी होतो. त्या बियांचं तेल काढतात. संस्कृत ग्रंथांत हिलाच ज्योतिष्मती म्हटलं आहे आणि बुद्धीला चालना देणाऱ्या औषधांत तिची गणना आहे.

“कशासाठी नेतात, बाई?” मी विचारलं.

“सांधे दुखतात त्याला लावायला. पोरांचं अभ्यासात ध्यान लागत नाही म्हणून. आणि कुणाचं मन लागत नाही त्याला.”

मन न लागणारे लोक कसे ओळखता, असं विचारल्यावर तिने हात हलवला. ओळखायचं काम तिचं नव्हतं. गिऱ्हाईक सांगतं, ती बी देते. किती घ्यायची हे ती बोटांनी दाखवते: थोड्या बियांपासून सुरुवात, हळूहळू वाढवत जायचं, आणि अंगात उष्णता वाटली की थांबायचं. ही शेवटची सूचना तिने दोनदा सांगितली. मालकांगणी प्रकृतीने फार उष्ण आहे आणि जास्त झाली तर उलट्या-जुलाब होतात, हे ग्रंथांतलं मत तिला अनुभवानं ठाऊक होतं.

या बीच्या तेलावर प्रयोग झालेले आहेत. हरियाणातल्या हिसारच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याच्या उभ्या भांड्यात उंदीर सोडतात. सुटायला वाट नसते. उंदीर काही वेळ धडपडतो आणि मग हातपाय गाळून नुसता तरंगत राहतो. तो किती लवकर हार मानतो, हे मोजतात. चौदा दिवस मालकांगणीचं तेल दिलेले उंदीर जास्त वेळ धडपडत राहिले आणि नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधाच्या जवळपास जाणारा परिणाम दिसला. त्यांच्या मेंदूत ‘मोनोअमाइन ऑक्सिडेज’ या विकराचं काम मंदावल्याचंही आढळलं. या विकराचा संबंध पुढे येईल.

ही माहिती आशादायक आहे, आणि तिची मर्यादाही स्पष्ट आहे. भांड्यात तरंगणारा उंदीर आणि तीन महिने अंथरुणातून न उठलेली बाई यांच्यात मोठं अंतर आहे. ते माणसांवरच्या नीट आखलेल्या चाचण्यांनीच ओलांडता येतं. मालकांगणीच्या बाबतीत तो पल्ला अजून गाठायचा आहे.

गुनियाचे प्रश्न

लामत्यापासून आत, जंगलाच्या कडेच्या एका वस्तीत एक वयस्क गुनिया राहतात. गोंड आणि बैगा वस्त्यांमध्ये जडीबुटी जाणणाऱ्याला गुनिया म्हणतात. सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हटलं. सर्पगंधा दाखवाल का, असं विचारल्यावर ते थोडे गप्प झाले. ही मुळी जंगलातून काढायला बंदी आहे आणि ती विचारत येणारा बाहेरचा माणूस बहुतेक वेळा व्यापारी असतो. मला विकत नको, नुसती पाहायची आहे, हे पटल्यावर ते घरामागच्या कुंपणाशी घेऊन गेले. तिथे त्यांनी स्वतः लावलेली तीन-चार रोपं होती.

गुडघ्याएवढं झुडूप. खोडाभोवती एकाच पेरातून तीन किंवा चार पानं गोलाकार निघालेली. फुलं पांढरी, पण त्यांचे देठ लाल, म्हणून लांबूनही ओळखू येणारी. पिकलेली फळं काळपट जांभळी. सगळी ताकद मुळात, त्यातही मुळाच्या सालीत. मूळ चाखलं तर जबर कडू. बी फार कमी उगवतं, आणि मूळ काढायचं म्हणजे झाड संपवायचं. दोन-तीन वर्षं वाढल्याशिवाय मुळी कामाची होत नाही. मागणी आणि वाढ यांचं हे गणित जंगलात जुळलं नाही, म्हणूनच भारताने जंगली मुळ्यांची निर्यात थांबवली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत सर्पगंधा गेली.

“ये किसको देते हैं, बाबा?”

“जिसका माथा गरम हो गया. भागता है, बकता है, मारता है, सोता नहीं. उसको.”

“और जो चुप बैठा रहता है?”

“उसको नहीं. वो तो पहले से ठंडा है.”

मग त्यांनी ते कसं तपासतात हे सांगितलं. घरच्यांना बाजूला घेऊन विचारायचं: जेवतो का, रागावतो का, रात्री फिरतो का, कामाला हात लावतो का. बोलत नसेल, जेवत नसेल, नुसता भिंतीकडे पाहत असेल, तर सर्पगंधा देत नाहीत. डोक्याला तेल चोळायला सांगतात, आणि घरातल्या कुणीतरी त्याला रोज सोबत घेऊन शेतावर जायचं, एकटं सोडायचं नाही, असं बजावतात.

बाबांचं हे वर्गीकरण ऐकताना मला वैद्यकाच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण आठवत होतं. त्या प्रकरणाच्या मध्यभागी हीच कडू मुळी आहे.

मुंबई, बासेल, न्यूयॉर्क

बिहारमध्ये सर्पगंधेला ‘पागल की दवा’ म्हणत. 1931 मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर लेख लिहिला. भडकलेल्या वेडात आणि वाढलेल्या रक्तदाबात तिचा गुण येतो, असं त्यांनी नोंदवलं. साधारण त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकींनी मुळीतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हटलं. हे सगळं काम भारतात, भारतीयांनी केलं होतं. जगाचं त्याकडे लक्ष गेलं ते मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञामुळे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे उच्च रक्तदाबावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. मिठाशिवायचं जेवण, विश्रांती आणि काही वेळा मोठी शस्त्रक्रिया, एवढंच डॉक्टरांच्या हातात असे. वकिलांच्या लेखानंतर युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळा या मुळीमागे लागल्या. 1952 मध्ये बासेलच्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं. एका मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शाइतक्या मात्रेतही काम करणारं हे द्रव्य. 1954 च्या सुमारास न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर वापरून पाहिलं. वर्षानुवर्षं आरडाओरडा करणारे वॉर्ड शांत झाले. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि त्यापुढच्या वर्षी पद्मभूषण.

पण त्याच काळात दुसऱ्या बातम्या येऊ लागल्या. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण काही महिन्यांत उदास होत होते. पहाटे जाग येणं, रडू येणं, कशात रस न वाटणं, आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचार. 1954 मध्ये अमेरिकेतले डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांमध्ये असं होतं, हे लिहिलं. सगळ्यांना होत नव्हतं, आणि हा संबंध किती घट्ट आहे यावर पुढे बराच वाद झाला. 1955 मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना उलट रेसर्पिनने बरं वाटल्याचं दिसलं होतं. मात्र ज्याला आधी नैराश्य येऊन गेलं आहे त्याला हे औषध देऊ नये, ही सूचना तेव्हापासून वैद्यकात रुजली.

बाबांच्या कुंपणाशी उभं राहून ऐकलेलं “उसको नहीं” हे तेच होतं. मी असा दावा करत नाही की बाबांना मेंदूतलं रसायन कळतं. पण कोणाला द्यायचं नाही हे त्यांच्या परंपरेत होतं, आणि मुळीचं रसायन प्रयोगशाळेत पोचलं तेव्हा ते ज्ञान मागे राहिलं.

उदासीचं रसायन

रेसर्पिनने नेमकं काय होत होतं, हे शोधताना नैराश्याचा आधुनिक अभ्यास सुरू झाला.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या आधारे. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन ही त्यांतली काही. ही रसायनं पेशीच्या टोकाशी बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. धान जसं कणगीत राहिलं तरच उंदरापासून वाचतं, तसंच हे. रेसर्पिन या पिशव्यांचं तोंड बंद करतं. आत जाऊ न शकलेलं रसायन बाहेर पडून राहतं आणि ‘मोनोअमाइन ऑक्सिडेज’ हा विकर ते नष्ट करतो. थोड्या दिवसांत साठा संपतो.

1955 मध्ये अमेरिकेतल्या बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने रेसर्पिनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन कमी होतं हे दाखवलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना डोपामिनचं पूर्वद्रव्य, एल-डोपा, टोचलं तेव्हा ससे पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजाराचा उपचार तिथून निघाला आणि 2000 मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. त्याच दशकात क्षयरोगावरच्या आयप्रोनियाझिड या औषधाने रुग्ण विलक्षण उत्साही होतात असं दिसलं होतं. ते औषध त्याच नासधूस करणाऱ्या विकराला थांबवत होतं. 1957 मध्ये क्लाइन यांनी ते नैराश्यावर वापरलं. म्हणजे एका माणसाने तीन-चार वर्षांच्या अंतराने माणसाला शांत करणारं आणि माणसाला उभं करणारं अशी दोन्ही औषधं हाताळली. या सगळ्या निरीक्षणांतून 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी मांडणी केली की नैराश्यात या रसायनांची कमतरता असावी.

आज ही मांडणी अपुरी मानली जाते. गोळी घेतल्यावर काही तासांत रसायनांची पातळी बदलते, पण मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात पेशींमधली जोडणी बदलत असावी, ताणाच्या संप्रेरकांचा आणि शरीरातल्या दाहाचाही वाटा असावा, असं आता मानतात. तरी आजची बहुतेक नैराश्यविरोधी औषधं ज्या वाटेने सापडली, त्या वाटेच्या सुरुवातीला ही मुळी आहे. लामत्याच्या जंगलात उगवणाऱ्या झुडपाने मन कसं खचतं हे दाखवलं, आणि त्यामुळे खचलेलं मन उचलायचं कसं हे शोधता आलं. औषधी वनस्पतीने नैराश्याला केलेली ही सर्वात मोठी मदत आहे, असं मला वाटतं.

पाणथळीतली ब्राह्मी

मग थेट मदत करणारी वनस्पती कोणती? लामत्याच्या आसपास तिचा शोध जंगलात नव्हे, बांधीच्या धुऱ्यावर घ्यावा लागतो. ओल टिकून राहते तिथे, तळ्याच्या काठाला, मांसल लहान पानांची आणि फिकट पांढऱ्या-जांभळट फुलांची एक वनस्पती जमिनीसरशी पसरते. ही नीरब्राह्मी, बकोपा मोनिएरी. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा गोल, दातेरी पानांची मंडूकपर्णी विकली जाते. दोन्ही गुणी आहेत, पण घटक वेगळे आहेत. विकत घेणाऱ्याने पान पाहून घ्यावं. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी आहे. तिच्या जोडीला ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी.

नीरब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने अनेक वर्षं काम केलं. तिच्यातल्या बॅकोसाइड या घटकांचा प्रमाणित अर्क तिथे तयार झाला, तो मुख्यतः स्मरणशक्तीसाठी. मनःस्थितीबद्दलची एक चांगली चाचणी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये झाली आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. 65 वर्षांवरच्या 54 जणांना बारा आठवडे रोज 300 मिलिग्रॅम अर्क किंवा तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. कुणाला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. ब्राह्मीच्या गटात शब्द आठवण्याची क्षमता वाढली, आणि नैराश्य व चिंता मोजणारे गुण खाली आले. त्रास म्हणजे मुख्यतः पोटाचा.

इथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. हे लोक नैराश्याचे रुग्ण नव्हते, ते धडधाकट वृद्ध होते. निरोगी माणसाचं मन थोडं हलकं होणं आणि आजारी माणूस आजारातून बाहेर येणं, यांत फरक आहे.

रुग्णांवरची चाचणी आपल्या शेजारी गुजरातमध्ये झाली. भावनगरच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या 60 रुग्णांचे तीन गट केले. एकाला फ्लुओक्सेटिन ही नेहमीची गोळी, एकाला हळदीतलं कर्क्युमिन रोज 1000 मिलिग्रॅम, आणि एकाला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले आणि त्यांच्यातला फरक नगण्य होता. 2014 मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा वर्तमानपत्रांनी हळदीला नैराश्याचं औषध ठरवून टाकलं. पण या चाचणीत निरुपद्रवी गोळीचा चौथा गट नव्हता. नैराश्याची एखादी फेरी काळाबरोबर आणि डॉक्टरच्या नियमित भेटींनीही ओसरते, त्यामुळे सुधारणेचं श्रेय कशाला हे ठरवणं कठीण. शिवाय हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. हजार मिलिग्रॅमसाठी रोज तीसेक ग्रॅम हळद पोटात जायला हवी. वरणातल्या चिमटीने ते होत नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा ज्या वनस्पतीचा आहे ती आपली नाही. युरोपात कुरणांवर उगवणारं पिवळ्या फुलांचं हायपेरिकम, तिकडे सेंट जॉन्स वर्ट म्हणतात ते. 2008 मध्ये 29 चाचण्यांचा, साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. निरुपद्रवी गोळीपेक्षा ही वनस्पती सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली, त्रासही कमी. जर्मनीत डॉक्टर ती लिहून देतात. पण हीच वनस्पती यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांना इतकी जोमात आणते की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधं, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांची औषधं निष्प्रभ होऊ शकतात. वनस्पती काम करते याचा पुरावा आणि ती घातक ठरू शकते याचा पुरावा, दोन्ही एकाच गुणातून येतात. ‘जडीबुटी आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मी लामत्यातही ऐकलं आणि पुण्यातही. शरीरात काहीच न करणारं द्रव्य उपायही करत नाही.

मुळी जाते, निदान पोचत नाही

लामत्याच्या बाजारातून मुळ्या, बिया, साली बाहेर जातात. व्यापाऱ्यामार्फत मोठ्या बाजारात, तिथून कारखान्यात, आणि डबीत भरून पुन्हा औषधाच्या दुकानात. वाट लांब असली तरी चालू आहे. उलट दिशेने, म्हणजे हा माणूस नुसता थकलेला नाही, याला आजार आहे, हे ओळखणारी नजर गावाकडे येण्याची वाट अजून बिकट आहे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्यं होती. त्यात देशातल्या प्रौढांपैकी 2.7 टक्के लोक त्या वेळी नैराश्यात असल्याचं आढळलं, आणि नैराश्य-चिंतेसारख्या आजारांच्या दर शंभरातल्या 85 जणांपर्यंत उपचार पोचत नव्हते. हे 85 जण उपचार घेत नाहीत असं मात्र नाही. ते बाजारातल्या बाईकडून बी घेतात, गुनियाकडे जातात, झोपेची गोळी मागतात, डोकं दुखतं म्हणून दुकानातून पाकीट नेतात. लामत्याच्या परिसरात मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी कुणी ‘मला नैराश्य आहे’ म्हणालं नाही. छातीत धडधडतं, भूक मेली, झोप नाही, हातापायांत त्राण नाही, जीव घाबरतो, असंच सांगितलं.

आणि इथेच सर्पगंधा पुन्हा येते. झोप लागत नाही हे उन्मादाचं लक्षण असतं, तसंच नैराश्याचंही. सर्पगंधेच्या गोळ्या झोपेसाठी आणि रक्तदाबासाठी आजही मिळतात. बाबांसारखा विचारपूस करणारा माणूस मध्ये नसेल आणि नैराश्यातल्या माणसाने ‘झोपेची जडी’ म्हणून ती घेतली, तर त्याची उदासी आणखी गडद होण्याचा धोका आहे. जाणकार वैद्य हे सांगतात. दुकानदाराकडून ही अपेक्षा धरता येत नाही.

मध्ये असा माणूस उभा करता येतो, याचे दोन दाखले मराठी मुलखातले आणि त्याच्या शेजारचे आहेत. पहिला अमरावती जिल्ह्यातला. शेतकरी आत्महत्यांच्या छायेत तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लक्षणं समजावली, समुपदेशन केलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोचवलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदत मागायला पुढे येणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. दुसरा दाखला गोव्याचा. ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या सामान्य माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका केल्या. बैठकीत काय होतं? आयुष्यातून गळालेल्या कामांपैकी एक लहान काम निवडायचं, दिवस ठरवायचा, ते करायचं, पुढच्या वेळी त्याबद्दल बोलायचं. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटातले 39 टक्के. 2017 मध्ये लॅन्सेटने हे प्रसिद्ध केलं. त्यानंतर मध्य प्रदेशातच, सिहोर जिल्ह्यात, आशाताईंना हे शिकवण्याचं काम झालं.

गप्प बसलेल्याला रोज सोबत शेतावर न्या, हा बाबांचा सल्ला आणि गोव्यातल्या बैठका यांची दिशा एकच आहे. चरकानेही उपचाराचे तीन प्रकार सांगताना औषधाच्या बरोबरीने सत्त्वावजय, म्हणजे मनाला नको त्या विषयांतून सोडवणं, वेगळं सांगितलं. वनस्पतीने फायदा व्हायचा तर तो या सोबतीच्या जोडीने होईल, असं मला आता ठामपणे वाटतं. सौम्य उदासीत, अनेक अडचणी एकदम अंगावर आलेल्या माणसाला जाणत्या वैद्याच्या हाताने ब्राह्मी द्यावी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर आधी डॉक्टर. आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांमध्ये ‘मन कक्ष’ सुरू झाले आहेत. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक 2022 च्या ऑक्टोबरपासून रात्रंदिवस, फुकट चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. चालू असलेली गोळी जडीबुटीच्या भरवशावर मध्येच बंद करू नये. अचानक थांबवली की आजार उलटू शकतो.

एका आशाताईंशी बराच वेळ बोलणं झालं. गरोदर बाया, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, असं सगळं त्यांच्या वहीत असतं. त्यांच्या वस्तीतली एक बाई बाळंतपणानंतर कित्येक महिने मालकांगणी घेत होती, हे त्यांना माहीत होतं. पण ते कुठे लिहायचं हे माहीत नव्हतं. मी ज्या डॉक्टरांना नंतर भेटलो त्यांनीही हेच सांगितलं: रुग्ण जडीबुटीबद्दल बोलत नाही कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं, आणि डॉक्टर विचारत नाहीत कारण रांग लांब असते. मग रक्तदाबाच्या गोळीवर सर्पगंधा चढते आणि माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा कारण शोधावं लागतं. आशाताईंनी जाताना स्वतःच ठरवलं की वहीच्या शेवटच्या पानांवर त्या दोन रकाने आखतील. एकात झोप, भूक आणि कामातलं मन. दुसऱ्यात घरी कोणती मुळी किंवा बी चालू आहे. त्या बाईला तालुक्याला नेताना ते पान फाडून डॉक्टरांच्या हातात द्यायचं, असं त्या म्हणाल्या, म्हणजे बाईला आपल्या तोंडाने सांगायची पाळी येणार नाही.